राउटर बिघडलाच नव्हता, ३,९०० रुपये मात्र गेले

राउटर आपोआप बंद होऊन चालू होत असेल, तर कुणालाही घरी बोलावण्याआधी हे वाचा. माझे ३,९०० रुपये गेले आणि दुखणं होतं २८० रुपयांच्या अ‍ॅडॅप्टरचं.

मी घरून दहावीच्या गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. ऐन परीक्षेच्या तोंडावर शिकवता शिकवता राउटरचे सगळे दिवे एकदम जायचे, पुन्हा लागायचे, नेट यायला दोन-तीन मिनिटं. संध्याकाळी घरातले फोन, टीव्ही वाय-फायवर आले की जास्तच. प्रोव्हायडरकडे तक्रार केली की ती 'सोडवली' असा मेसेज यायचा. शेवटी नेटवर सापडलेल्या 'सर्व्हिस सेंटर'च्या नंबरवर फोन केला. असे नंबर कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. पण पालकांचे फोनवर फोन येत असताना नंबर पडताळत कोण बसतं?

माणूस आला. गळ्यात आयकार्ड, बोलायला गोड. बॅगेतून स्वतःचा अ‍ॅडॅप्टर काढून त्याने राउटरला लावला, "चेक करतो" म्हणाला. अर्धा तास राउटर हूं की चूं न करता चालला. मुलाने मोबाइलवर मॅच लावली होती, तीसुद्धा अडकली नाही. मग याने आपला अ‍ॅडॅप्टर काढून बॅगेत टाकला, आमचा परत लावला, थोड्या वेळात दिवे गेले, आणि हा मला सांगतो, "ताई, राउटरचा बोर्ड गेलाय. रिपेअर होत नाही."

तिथेच सगळं उघडं पडलं होतं! त्याचा अ‍ॅडॅप्टर लावला की चालतो, आमचा लावला की बंद पडतो, मग बोर्ड कुठून गेला? ते दृश्य आठवलं की अजून अंगाची लाही होते. पण पाचला बॅच होती, घड्याळात साडेचार, आणि समोर हा "लगेच लावून देतो" म्हणतोय. माझ्या जागी कुणीही हो म्हटलं असतं.

राउटर २,४५०. 'व्होल्टेज प्रोटेक्टर' ७५०. कॉन्फिगरेशन ४००. व्हिजिट ३००. पैसे यूपीआयवर, बिल म्हणून वहीच्या पानावर आकडे, जीएसटी नंबर नाही. जुना राउटर 'स्क्रॅप' म्हणून घेऊन गेला. तो चांगला होता, कुठेतरी विकला असणार. त्यात आमचा वाय-फायचा पासवर्ड होता, प्रोव्हायडरचं लॉगिनही होतं. जुना राउटर कुणाला देऊच नका, द्यावाच लागला तर आधी रीसेटचं बटण दाबून धरा.

काही आठवड्यांत 'नवा'ही तसाच बंद पडायला लागला. त्याचा फोन अर्थातच बंद. दोन्ही अ‍ॅडॅप्टर घेऊन पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. दुकानदाराने आमचा जुना मीटरला लावला, बरोबर १२ व्होल्ट. मग त्यावर लोड टाकला आणि आकडा घसरत साडेनवाच्या खाली आला. खोलून दाखवलं: आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, वरून फुगलेला. अ‍ॅडॅप्टर जुना झाला की असं होतं, रिकामा असताना व्होल्टेज दाखवतो, राउटरने जास्त करंट ओढला की बसतो. म्हणून तर संध्याकाळी त्रास जास्त! नव्याबरोबर आलेल्यावर १२ व्होल्ट २ अँपियर छापलं होतं, तो एक अँपियरही पेलत नव्हता. 'नव्या' राउटरच्या स्टिकरखाली दुसरं स्टिकर निघालं. प्रोटेक्टरच्या डब्यात एक एलईडी आणि दोन वायरी, बाकी काही नाही. मुळात त्याच स्विचबोर्डावरचा फायबरचा डबा, ज्यात बाहेरची लाइन येते तो, एकदाही बंद पडत नव्हता, मग घरातल्या व्होल्टेजचा दोष कसा?

चौकीत गेले तर "हा सिव्हिल मॅटर आहे मॅडम." एका हेल्पलाइनवर ऐकवलं, पैसे तुम्हीच स्वखुशीने दिलेत. दुसरीकडे कंपनीचं नाव विचारलं, कंपनी म्हणाली तो आमचा माणूसच नाही. यूपीआयवर त्याचं नाव दिसतंय, नंबर आहे, स्क्रीनशॉट आहे, आणि तरी मलाच विचारतात, "तुम्ही त्याला घरात का घेतलंत?" ३,९०० रुपये म्हणजे यांच्या लेखी चोरीच नाही का? असे किती घरांतून नेले असतील, ते मोजायचं कुणी? जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तक्रार मी टाकणार आहे.

ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा, पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि तिथे 'अपटाइम', म्हणजे राउटर सलग किती वेळ चालू आहे ते, बघा. नेट गेल्यावर तो शून्यापासून सुरू झाला असेल तर बहुतेक पॉवरची भानगड. अपटाइम चालूच आणि फायबरच्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा, तर लाइनची, अ‍ॅडॅप्टर बदलून उपयोग नाही. पिन हलवून बघा, ढिली असली तरी हेच होतं. नवा अ‍ॅडॅप्टर घेताना व्होल्ट तंतोतंत तेच, अँपियर तेवढेच किंवा जास्त, पिनची जाडी आणि प्लस-मायनसची खूण जुळलेली. ९ व्होल्टच्या राउटरला १२चा लावू नका. अ‍ॅडॅप्टरवरचा आर-ने सुरू होणारा नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर दुकानातच तपासा. पक्कं बिल मिळाल्याशिवाय यूपीआय करू नका.

तो नंबर नेटवर अजून तसाच आहे. कोथरूड, कर्वेनगर, वारज्याकडे कुणाकडे असा माणूस आला, बॅगेतून अ‍ॅडॅप्टर काढला आणि राउटर नीट चालला, तर सरळ सांगा: हाच अ‍ॅडॅप्टर किती रुपयांना देतोस?