शिरोलीतली लोखंडी धूळ आणि क्ले बार : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी पांढरी हॅचबॅक कामाच्या दिवशी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत, ओतकाम करणाऱ्या कारखान्यांच्या शेजारी, दिवसभर उघड्यावर उभी असते. गेल्या दिवाळीपूर्वी गाडी धुतल्यावर बोनेटवर आणि टपावर मोहरीपेक्षाही बारीक तांबूस ठिपके दिसले, तेव्हा पत्र्यालाच गंज चढला की काय अशी शंका आली. पत्रा शाबूत होता. ग्राइंडिंगमधून उडणारे आणि ब्रेकमधून झडणारे लोखंडाचे कण रंगाच्या वरच्या पारदर्शक थरात रुतून तिथेच गंजत होते. हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून धुतलेल्या बोनेटवरून बोटे फिरवली, तर पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला. ही परीक्षा मी आजही प्रत्येक वेळी करतो, कारण नुसत्या बोटांना जे जाणवत नाही ते पिशवीतून चटकन कळते.

बारीक प्रतीचा 100 ग्रॅमचा क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, आणला आणि पहिली चूक केली ती क्रमाची. रसायनाचा खर्च वाचवावा म्हणून थेट क्ले फिरवला. बोनेट काचेसारखे गुळगुळीत झाले, मी समाधानाने वॅक्स लावले आणि तीन आठवड्यांत त्याच जागी ठिपके परत उमटले. क्लेने कणांची वर आलेली टोके तेवढी खुडली होती. आत रुतलेला भाग तसाच राहून पुन्हा गंजला. मार्चमध्ये, दुसऱ्या खेपेस, आधी लोखंड विरघळवणारा फवारा मारला. तो लोखंडाशी संयोग पावला की जांभळा होतो आणि पांढऱ्या रंगावर त्याचे ओघळ उतरताना पाहणे मोठे समाधानाचे असते. वास मात्र कुजलेल्या अंड्याचा. हातमोजे घालून, सावलीत, पत्रा थंड असतानाच तो मारावा आणि वाळू न देता धुऊन टाकावा. त्यानंतर क्लेला फारसे काम उरले नाही आणि या वेळी ठिपकेही परतले नाहीत.

क्ले वापरताना पृष्ठभाग सतत निसरडा असणे ही एकमेव गोष्ट तडजोडीची नाही. मी क्लेसाठीचे बाटलीतले वंगण, म्हणजे निसरडा द्रव, वापरतो, एका वेळी अर्धेच बोनेट घेतो आणि हाताचा भार न देता सरळ रेषेत फिरवतो. सुरुवातीला क्ले अडखळतो, मग अचानक सरकू लागतो, तिथे थांबावे. मळ दिसू लागला की कणकेसारखा मळून स्वच्छ बाजू वर आणावी. एकदा तो फरशीवर पडला आणि चिकटलेल्या खड्यांमुळे टाकून द्यावा लागला. सुदैवाने मी आधीच त्याचे चार तुकडे करून ठेवले होते.

मेहुण्यांच्या काळ्या सेडानवर मात्र फजिती झाली. दुपारचे ऊन टपावर आले, वंगण वाळले, मी तरी हात चालवला आणि रंगावर धुरकट ओरखडे उमटले, जे पुढे पॉलिश करूनच गेले. पांढरा रंग असले अपराध पोटात घालतो, काळा घालत नाही.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग क्लेने गेले नाहीत, कारण क्षारांनी जिथे थर खाल्ला आहे तिथे उपटून काढण्यासारखे काही उरतच नाही. महामार्गावरचे डांबर चाकांमागे चिकटते. ते आधी डांबर काढणाऱ्या द्रवाने पुसावे, नाहीतर क्ले एका दारातच काळा होतो. गळीत हंगामात कारखान्यांच्या धुराड्यांतून येणारी काजळी कोरडी पुसायचा मोह होतो, पण ती नुसत्या पाण्याच्या धारेनेही बरीचशी निघते आणि तिच्यासाठी क्ले लागत नाही.

क्लेबरोबर जुने वॅक्सही निघून जाते, त्यामुळे नवा थर त्याच दिवशी द्यावा लागतो; माझा पावसाळ्याआधी सुमारे अडीच महिने टिकला. दर महिन्याला क्ले फिरवण्याचा सल्ला मला पटत नाही, कारण प्रत्येक वेळी पारदर्शक थर थोडा तरी घासला जातो. आठ महिन्यांत मी तो माझ्या गाडीवर दोनदाच वापरला आहे. परवा पिशवी घालून पाहिले, तर दारे अजून गुळगुळीत होती; फक्त टप, जिथे दिवसभराची धूळ बसते, हलका खरखरीत लागला, म्हणून पाऊस ओसरल्यावर तेवढ्याच भागाचे काम काढणार आहे.