लॉगरोटेट वर्षभर वापरल्यावर: डिस्क भरली म्हणून प्लॅन वाढवू नका, आधी हे बघा

लॉगरोटेट म्हणजे सर्व्हरच्या नोंदींच्या फाइली (लॉग) वेळोवेळी बाजूला काढून नवीन सुरू करणारं आणि जुन्या पुसणारं टूल, व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) चालवणाऱ्याला ते माहितीच असतं. माझा सेटअप म्हणजे आल्मालिनक्स ९ (रेडहॅटच्या घराण्यातली लिनक्स), इंजिनएक्स हा वेब सर्व्हर, २५ जीबी डिस्क आणि त्यावर जळगाव-भुसावळकडच्या गिऱ्हाइकांच्या साइट. सुरुवातीचे कित्येक महिने काही त्रास नाही, लॉग रोज रात्री फिरायचे, जुने गझिप होऊन (दाबून लहान करून) ठेवले जायचे, मी एकदम खूश.

मग ऐन मे महिन्यात डिस्क फुल. डेटाबेसला लिहायला जागा नाही म्हणून तो पडला आणि रावेरच्या केळीवाल्या व्यापाऱ्याचा फोन, "भाऊ, आजचा भाव चढत नाई ना साइटवर!" होस्टिंगवाल्यांकडं तिकीट टाकलं तर उत्तर आलं, मोठा प्लॅन घ्या. दर महिन्याला जास्तीचे पैसे कशाला द्यायचे, तर वर्डप्रेसच्या लॉगिन पेजवर बॉट धडका मारताहेत त्याच्या नोंदी साठवायला? मी नाही दिले.

लॉगरोटेटच्या कॉन्फिगमध्ये डेली (रोज फिरव) होतं आणि मॅक्ससाइज (एवढी मोठी झाली की आधीच फिरव) २०० एमबी पण होतं, तरी लॉगची फाइल कित्येक जीबीची. कारण साइज बघितली जाते ती लॉगरोटेट चालतं तेव्हाच, आणि त्याचा टायमर दिवसातून एकदाच उठतो. टायमर तासाचा केला. (टायमरच्या ओव्हरराइडमध्ये, म्हणजे मूळ सेटिंग बदलणाऱ्या आपल्या फाइलमध्ये, आधी ऑनकॅलेंडर ही वेळेची ओळ रिकामी टाकून मग अवरली लिहायचं, नाहीतर जुनी वेळ पण तशीच राहते.)

आणि इथंच माझं डोकं फिरलं. रेडहॅटच्या घराण्यात डेटएक्स्ट आधीपासूनच चालू असतं, म्हणजे फिरवलेल्या फाइलच्या नावाला तारीख लागते, फक्त तारीख. मॅक्ससाइजमुळं सकाळी एकदा फाइल फिरली की दुपारी परत फिरवायला जाताना तेच नाव निघतं, मग "डेस्टिनेशन ऑलरेडी एक्झिस्ट्स, स्किपिंग रोटेशन" (त्या नावाची फाइल आधीच आहे, फिरवणं सोडतो) असं जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या नोंदवहीत, लिहून गडी मोकळा, आणि लॉग दुसऱ्या दिवसापर्यंत फुगत राहतो. कॉन्फिगमध्ये डेलीऐवजी अवरली लिहिलं तर हेच टूल नावाला तास आपोआप जोडतं, मग मॅक्ससाइज दिलेलं दिसतंय तर तिथं का जोडत नाही? ज्या दिवशी बॉटचा मारा होतो नेमका त्याच दिवशी संरक्षण बंद, याला मी साधी त्रुटी म्हणणार नाही. उपाय एका ओळीचा आहे, डेटफॉरमॅटमध्ये (नावातल्या तारखेचा साचा) तारखेपुढं परसेंट एच, म्हणजे तास, टाकायचं, पण ती ओळ सापडेपर्यंत माझी रात्र गेली.

कॉपीट्रंकेट या फिरवायच्या दुसऱ्या पद्धतीबद्दल माझं मत मधल्या काळात बदललं. आधी फार आवडायचं, इंजिनएक्सला सिग्नल-बिग्नल द्यायची भानगड नाही. पण ते आधी पूर्ण कॉपी काढतं मग मूळ फाइल रिकामी करतं, मधल्या क्षणात आलेल्या ओळी जाऊ शकतात, आणि डिस्क भरलेली असताना कॉपीला जागा आणायची कुठून? आता सगळीकडं पोस्टरोटेटमध्ये (फिरवून झाल्यावर चालणाऱ्या आज्ञा) इंजिनएक्सला यूएसआर१ सिग्नल देतो, तो नवीन फाइल उघडतो आणि जुनी सोडतो. लॉग हातानं डिलीट करणाऱ्यांनी पण हे लक्षात घ्या, इंजिनएक्सनं फाइल धरून ठेवली असेल तर नाव जातं, जागा सुटत नाही.

किती दिवसांचे लॉग ठेवायचे यात मी कंजूषपणा करत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवस लॉग ठेवायला सांगितलंय, तेही भारताच्या हद्दीत. पण रोटेट १८० लिहून भागत नाही, तो आकडा फाइलींचा आहे, दिवसांचा नाही, दिवसातून चारदा फिरलं तर दीडच महिना पुरतो. मी रोटेट उणे एक (फाइलींच्या संख्येला मर्यादा नाही) आणि मॅक्सएज १८० (त्याहून जास्त दिवसांच्या जुन्या पुसायच्या) ठेवलंय. गझिप झाल्यावर लॉग एवढे बारीक होतात की सगळं त्याच २५ जीबीत बसतंय.

टूल सोडणार नाही, फुकट आहे आणि बाकी चोख चालतं. पाचपैकी साडेतीन, आणि कापलेला सगळा दीड त्या तारखेच्या नावाचा. कोणाच्या सर्व्हरवर डेटएक्स्ट आणि मॅक्ससाइज सोबत असतील तर आजच जर्नलमध्ये "स्किपिंग" शोधा.