शार्लट कुशमन: आधी कोणतं चरित्र हातात घ्यावं?

शार्लट कुशमन या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन नटीबद्दल नीट वाचायचं ठरवलं की दोन पुस्तकांपाशी माणूस अडतो. एक एमा स्टेबिन्सने १८७८ मध्ये, शार्लट गेल्यावर दोनच वर्षांनी, काढलेलं पत्रं-आठवणींचं पुस्तक. दुसरं लिसा मेरिल यांचं १९९९चं ‘व्हेन रोमिओ वॉज अ वूमन’. मी आधी जुनं वाचलं.

जुन्यात शार्लट स्वतः बोलते. न्यू ऑर्लिन्समध्ये गाण्याचा गळा गेला आणि लेडी मॅकबेथची भूमिका मिळाली, तो भाग तर मी तीनदा वाचला. पोशाख नाही हे तिने शेवटच्या तालमीपर्यंत लपवलं. कळलं तर भूमिका काढून घेतील ही भीती. मग मॅनेजरने चिठ्ठी देऊन तिला फ्रेंच नाटकवाल्या मादाम क्लोझेलकडे पाठवलं. ती बुटकी आणि जाड, ही उंच, किडकिडीत. त्या भल्या बाईच्या एका झग्याला जोड देऊन आतला परकर केला, दुसरा चहूबाजूंनी आवळून वर चढवला आणि शार्लट रंगमंचावर उभी राहिली. हे मेरिलबाईंच्या अभ्यासू गद्यात असं अंगावर येत नाही.

मग खटकलं ते काय? एमा क्रो. ही तरुणी शार्लटला १८५८ मध्ये भेटली. शार्लटने तिला वर्षानुवर्षं प्रेमाची पत्रं लिहिली आणि ‘जाळून टाक’ असंही बजावलं. १८६१ मध्ये एमाने शार्लटच्या दत्तक मुलाशी, म्हणजे भाच्याशीच, लग्न केलं. पत्रं मात्र तिने जाळली नाहीत. आज ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. स्टेबिन्सच्या पुस्तकात या प्रेमाचा मागमूस नाही. पानापानावर थोरवी आहे, पण जिवाची तगमग कुठेच नाही. एखाद्या घरात सगळे एका खोलीचं दार टाळून वावरतात, तसं वाटत राहतं. ही चुटपुट शेवटपर्यंत गेली नाही.

मेरिल नेमकं तेच दार उघडतात. १८४५ मध्ये लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात शार्लट रोमिओ झाली, सख्खी बहीण सुझन ज्युलिएट, आणि अठराव्या शतकातल्या गॅरिक या नटाने बदललेली संहिता बाजूला ठेवून शेक्सपिअरची मूळ संहिता घेतली. हे सोवळ्या प्रेक्षकांना का चाललं? बायकांमधलं प्रेम ते निर्मळच धरून चालत, म्हणून. हे पटल्यावर तो रोमिओ मला पहिल्यांदा दिसला. सिद्धांतांची पानं जड आहेत, काही मी भरभर उलटली. नाटकाच्या अभ्यासकाला कदाचित तीच आवडतील.

नट असाल तर न्यू ऑर्लिन्सचा भाग आधी वाचा. जुनं पुस्तक स्कॅन केलेलं फुकट मिळतं. बाकी कुणी विचारलं तर मी मेरिलच हातात देईन.

मेरिल वाचून झाल्यावर मी स्टेबिन्सच्या पुस्तकाकडे परत गेलो. सेंट्रल पार्कमधल्या बेथेस्डा कारंज्यावरचा देवदूत घडवणारी ही शिल्पकार १८५७ पासून शेवटपर्यंत शार्लटची सोबतीण होती. १८६९ मधल्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्याची पानं आता वेगळी वाटली. ती लिहिणारीच त्या सगळ्या काळात शार्लटच्या उशाशी होती.