टायटॅनियमचं इम्प्लांट, झिरकोनियाची कॅप: दहा महिन्यांनंतर

खालची उजवी दाढ गेली तिथे टायटॅनियमचं इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसणारं कृत्रिम मूळ, बसवलं, साडेतीन महिने हाडात मुरू दिलं. त्यावर झिरकोनियाची, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकची कॅप चढवून आता दहा महिने झाले.

मी लेथवर आयुष्य काढलेला माणूस. टायटॅनियमचा जॉब आला की आम्ही कपाळाला हात लावतो. उष्णता टूलच्या टोकाशीच साठते आणि टूल जळतं. त्यामुळे डॉक्टरांना पहिला प्रश्न ग्रेडचा. माझं ग्रेड ४, म्हणजे जवळजवळ शुद्ध टायटॅनियम, मिश्रधातू नव्हे. कॅप इम्प्लांटला धरून ठेवणारा आतला स्क्रू मात्र ग्रेड ५ चा. त्यात साधारण ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम, म्हणून ताकद जास्त. कुपीतून काढलेला इम्प्लांटचा नग बघून हिरमोड झाला. राखाडी, मळकट! आम्ही फिनिशसाठी जीव टाकतो आणि इथे मुद्दाम कण मारून, ॲसिडने खरवडून ठेवतात. हाडाला पकडायला खडबडीतपणाच लागतो म्हणे. हाड या धातूला असं धरतं हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी सशांवरच्या प्रयोगात पाहिलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवलं.

धातू नको असेल तर झिरकोनियाचं पांढरं इम्प्लांटही मिळतं. मी नको म्हटलं. कितीही मजबूत असलं तरी सिरॅमिकच ते, वाकत नाही, तुटतं.

चावायला फरक आहे. खऱ्या दाढेच्या मुळाशी पातळ गादी असते, इथे धातू थेट हाडात. भाकरीत बारीक कच आली तर बाकीच्या दातांना लगेच कळते, ही दाढ ठोंब्यासारखी चावत राहते. मेथीची पानं कडेला अडकतात, म्हणून रात्री बारीक ब्रश फिरवावाच लागतो.

पाचव्या महिन्यात कॅप किंचित डुलायला लागली. इम्प्लांट गेलं, पैसे गेले, असंच वाटलं. निघालं काय, तर स्क्रू ढिला! डॉक्टरांनी कॅपच्या माथ्यावरचं सिमेंट उकरलं, आतून पांढरी पट्टी ओढून काढली. टेफ्लॉन टेप. नळाच्या आट्यांना गुंडाळतो तीच. मग छोट्या टॉर्क रेंचने ३५ न्यूटन-सेंटिमीटरला स्क्रू आवळला, नवी टेप, वर भरण. दहा मिनिटं. तेव्हापासून डुललेली नाही.

डावीकडेही एक दाढ काढायची आहे. तिथे ग्रेड विचारीनच, पण आधी विचारीन, स्क्रू पुन्हा कधी तपासायला यायचं?