ग्लो इंजिनची टाकी: दोन नळ्या की तीन?

ग्लो इंजिनचं (स्पार्कऐवजी तापलेल्या ग्लो प्लगवर चालणारं) नवीन ट्रेनर, म्हणजे शिकायचं मॉडेल विमान, बांधताना फ्युएलच्या टाकीचा रबरी स्टॉपर हातात आला की हा प्रश्न येतोच, दोन नळ्यांवर भागवायचं की फक्त भरायला-काढायला तिसरी टाकायची. मी दोन्ही करून बघितलंय, तेही एकाच विमानात आणि त्याच ४६ साइजच्या (०.४६ घन इंच) इंजिनवर, म्हणून लिहितोय.

दोन नळ्या सुटसुटीत, यात वादच नाही. क्लंकवाली (आतल्या टोकाला वजन असलेली, म्हणजे ते टोक कायम फ्युएलमध्ये राहतं) कार्बला, म्हणजे कार्ब्युरेटरला, टाकीत वर वळवलेली मफलरच्या प्रेशर निपलला (तिथलं प्रेशर टाकीत येऊन फ्युएल पुढे ढकलतं), झालं काम. स्टॉपरला भोकं कमी म्हणजे गळायच्या जागाही कमी. इंजिन उघडंच असेल, काऊल (इंजिनवरचं झाकण) नसेल, तर हीच ठेवा, उगाच व्याप वाढवू नका असं मी म्हणेन.

पण भरायच्या वेळी कार्बवरची नळी उपसावी लागते, तिच्यातून पंपाने भरायचं आणि परत निपलवर चढवायची, आणि घरी निघताना उरलेलं फ्युएल काढायलाही तीच नळी. दिवसाला पाच-सहा फ्लाइट झाल्या तर किती वेळा झालं बघा. माझ्या काऊलमध्ये बोट जायचं नाही, मग लांब चिमट्याने सिलिकॉनची नळी पकडून ओढायचो. सिलिकॉन ताणायला कितीही चांगलं असलं तरी एकदा बारीक चीर पडली की ती वाढतच जाते.

झालं असं की जमिनीवर आयडल एकदम छान, टेकऑफही व्यवस्थित, आणि वर गेल्यावर अर्ध्या मिनिटात आवाज चिरका व्हायचा, इंजिन लीन, म्हणजे हवेच्या मानाने फ्युएल कमी. खाली आणून नीडल (फ्युएल कमी-जास्त करायचा स्क्रू) दोन क्लिक उघडायचो तर पुढच्या वेळी रिच, म्हणजे फ्युएल जास्त होऊन धूरच धूर. ग्लो प्लग बदलला, कार्ब धुतला, टाकी उघडून क्लंकसुद्धा बघितला, तीन रविवार यात गेले आणि एकदा तर फुल थ्रॉटलवर इंजिन बंद पडून विमान शेतात उतरवावं लागलं. शेवटी काऊल काढून इंजिन चालवलं तेव्हा नळीतून मोहरीएवढे बुडबुडे कार्बकडे सरकताना दिसले. चिमटा लागायचा बरोब्बर त्याच जागी, निपलच्या तोंडाशी, केसाएवढी चीर होती. तिच्यातून फ्युएल बाहेर येत नव्हतं, हवा आत शिरत होती, मग बाहेरून ओलसर काही दिसणार कुठून.

त्या दिवशी घरी येऊन तिसरी नळी टाकली. तिला आत वेगळा क्लंक लावला म्हणजे टाकी तळापर्यंत रिकामी होते, आणि बाहेरच्या तोंडाला बूच म्हणून ॲल्युमिनियमची खुंटी. कार्बची नळी आता एकदा बसवली की तिला हात लावायचा नाही, सीझन संपला की बदलून टाकायची. तेव्हापासून नीडल मी क्वचितच फिरवतो, निदान माझा तरी अनुभव असा आहे.

तिसरीचा त्रास नाही असं नाही. खुंटी सैल बसली की मफलरचं प्रेशर तिथूनच निघून जातं आणि इंजिन परत लीन. भरताना मफलरची नळी काढायला विसरलात तर जास्तीचं फ्युएल मफलरमध्ये जाणार, आणि जोरात पंप केलं तर कार्बमधूनही आत ढकललं जातं, थ्रॉटल बंद असला तरी. म्हणून सावकाश भरा, आणि शंका आली तर स्टार्टर लावायच्या आधी प्रॉप (पुढचा पंखा) हाताने एक-दोन वेळा फिरवून बघा, अडला तर प्लग काढून आतलं फ्युएल बाहेर काढा, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकायची भीती असते. (हे सगळं ग्लोचं, पेट्रोल इंजिनला सिलिकॉन लावूच नका, फुगतं, तिथे टायगॉनची नळीच.)

तरी काऊल असेल तर मी तीनच सांगेन. भरायची नळी मी लाल घेतो, म्हणजे घाईत चुकीची ओढली जात नाही. आणि फिल्टर पंपाच्या नळीवर बसवा, कार्बच्या नळीत मध्ये कापून घालू नका, जेवढे जोड वाढतात तेवढ्या हवा शिरायच्या जागा वाढतात.