एफ-२५०: टू-व्हील की फोर-बाय-फोर, कंबरेला काय झेपतं?

'फोर-बाय-फोर घेऊ नकोस, हाडं खिळखिळी होतील,' असं हेवी-ड्यूटी पिकअप घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला कोणीतरी ऐकवतंच. मी कामासाठी दोन फोर्ड एफ-२५० आलटूनपालटून चालवतो, एक टू-व्हील ड्राइव्ह आणि एक फोर-बाय-फोर. दोन्हींना क्रू कॅब (चार दारांची केबिन), आखूड हौदा, पेट्रोल इंजिन, टायरही एकाच मापाचे. फरक जाणवतो, नाही असं नाही. पण लोक सांगतात तेवढा नाही, आणि ते सांगतात त्या कारणामुळे तर मुळीच नाही.

चारही चाकांना ताकद जाते म्हणून गाडी कडक होत नाही. हे फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे. रोजच्या रस्त्यावर ते बंदच असतं आणि गाडी मागच्या चाकांवर चालते. कोरड्या डांबरावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) लावून कोणी वळण घेतलं तर गाडी अडखळते, टायर घासतात, झटके बसतात. त्याचा सस्पेन्शनशी संबंध नाही, तसं चालवायचंच नसतं.

खरी भानगड आहे पुढच्या चाकांखाली. टू-व्हीलमध्ये फोर्डचं जुनं ट्विन आय-बीम आहे, १९६५ पासून चालत आलेलं. दोन लांब लोखंडी बीम असतात. डाव्या चाकाचा बीम चेसीच्या उजव्या बाजूला अडकवलेला, उजव्याचा डाव्या बाजूला. त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला फारशी खबर लागत नाही. फोर-बाय-फोरमध्ये मात्र पुढे सलग एक्सल, बैलगाडीच्या आसासारखा, आणि त्याच्या पोटात डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांत ताकद वाटणारे गिअर. हे सगळं वजन स्प्रिंगच्या खाली, चाकांबरोबर वरखाली होतं. डावं चाक उचललं गेलं की उजवंही कलतं आणि बसणाऱ्याचं डोकं खिडकीकडे जातं.

मला हे सर्वात स्पष्ट कळतं ते रस्त्याला तिरकं छेदणाऱ्या रेल्वे फाटकावर, जिथे रूळ आधी एका चाकाखाली येतो, मग दुसऱ्या. होल्डरमधल्या कॉफीकडे बघायचं. टू-व्हीलमध्ये ती पुढे-मागे हिंदकळते, फोर-बाय-फोरमध्ये डावी-उजवीकडे. पुढे-मागे हलणं अंगवळणी पडतं. डावी-उजवीकडची ती झोकांडी दुपारपर्यंत मानेत उतरते. सरळ आडव्या स्पीडब्रेकरवर मात्र, दोन्ही चाकं एकदम चढत असल्यामुळे, डोळे मिटून बसवलं तर कोणती गाडी कोणती ते मला सांगता येणार नाही.

ट्विन आय-बीमचं फार कौतुकही नको. चाक वरखाली होताना त्याचा कल बदलतो, म्हणून अलाइनमेंटकडे दुर्लक्ष केलं की टायर एका कडेनं झिजतात. आणि बीम काही हलके नाहीत.

आता मागची बाजू. इथे दोन्ही बहिणी सारख्याच: सलग एक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). हे पाटे हौद्यातल्या वजनासाठी आणि ट्रेलरसाठी बसवलेले, एकट्या ड्रायव्हरसाठी नाहीत. रिकाम्या हौद्यानं काँक्रीटच्या हायवेवर गेलं की प्रत्येक सांध्यावर मागचा भाग थडथडतो, लय धरून. हा त्रास दोन्हींत तंतोतंत एकच आहे, आणि 'फोर-बाय-फोर उडते' अशी तक्रार करणारे बरेचदा या मागच्या थडथडीबद्दलच बोलत असतात. हौद्यात थोडं सामान टाकलं की दोन्ही गाड्या शहाण्यासारख्या वागतात.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे टायरची हवा. हे लोड रेंज-ई, म्हणजे जड भाराचे, टायर ८० पीएसआयपर्यंत घेतात, म्हणून टायरवाला चारही चाकांत डोळे झाकून ८० ठोकतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, पुढचा आकडा वेगळा, मागचा वेगळा. तो वाचून हवा भरली तेव्हा फोर-बाय-फोरच्या पुढच्या चाकांत जेवढा फरक पडला, तेवढा फरक मला या दोन गाड्यांमध्येही वाटत नाही. मात्र स्टिकरच्या खाली जाऊ नका, लोड असेल तर अजिबातच नाही.

जुनी गाडी बघत असाल तर आधी खाली वाकून बघा. १९९९ ते २००४ च्या फोर-बाय-फोर सुपर ड्यूटीला (एफ-२५० याच मालिकेतली) पुढेही पाटेच होते. कॉइल स्प्रिंग, म्हणजे गुंडाळीच्या स्प्रिंग, आल्या त्या २००५ च्या मॉडेलपासून. 'हाडं खिळखिळी'वाली ख्याती बहुधा त्या काळातली असावी. बर्फ ढकलण्याच्या फाळाचं पॅकेज असेल तर पुढच्या स्प्रिंग आणखी कडक असतात. डिझेल इंजिनाचं पुढे येणारं वजन वेगळंच. अशी गाडी चालवून सगळ्या फोर-बाय-फोरना नावं ठेवू नयेत.

फोर्डच हवी असा हट्ट नसेल तर प्रश्नच बदलतो. शेवरोलेच्या सिल्व्हराडो २५०० एचडीला टू-व्हील असो वा फोर-व्हील, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं) आणि टॉर्शन बारच (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या कांबी), म्हणून तिथे हा वाद फारसा उरत नाही. रॅम २५०० ला २०१४ पासून मागे पाट्यांऐवजी कॉइल आहेत. रिकामं फिरणं जास्त असेल तर मी ड्राइव्हपेक्षा आधी याच गोष्टीकडे बघेन.

माझ्यापुरतं म्हणाल तर डांबरी रस्त्याच्या लांब पल्ल्याला मी टू-व्हीलची किल्ली उचलतो. चिखल, ओलं गवत किंवा ट्रेलर घेऊन कच्च्या उतारावर जायचं असेल तर फोर-बाय-फोर, आणि तेव्हा मान दुखली तरी कुरकुर नाही. अडकलेली टू-व्हील ओढून काढायला लागणारा वेळ जास्त त्रासाचा. घेण्याआधी दोन्ही चालवून बघा, हौदा रिकामा ठेवून, हवा स्वतः मोजून. सेल्समन गुळगुळीत हायवेकडे वळवायला लागला तर त्याला ठिगळं मारलेल्या रस्त्यावर घेऊन चला.