स्वस्तातला बास सेट मला १६,४०० रुपयांना पडला

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. एकवीस वर्षं सूत हाताळतोय. गाडी आली की एक कोन उचलायचा, लडी करायची, यंत्रावर ताणून तोडायची, किती वजनाला तुटली ते वहीत लिहायचं आणि मगच माल खाली करून घ्यायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण मासे धरायच्या काठीचा सेट घेताना मी फसलो ते दोरीत. हसायचं असेल तर इथंच हसून घ्या.

हिशोब असा. माल, म्हणजे काठी, रीळ आणि दोरीचे तीन सेट, १४,५८०. "परत मिळणारा पार्सल विमा" १,१८०. "परत उचलण्याचा खर्च" ६४०. एकूण १६,४०० रुपये. गळाला आमिष म्हणून लावायचा रबरी बेडूक २५० चा, तो वेगळा. तो आता हिप्परग्याच्या तळ्यात आहे.

बास हा मासा आपल्याकडं नाही हे मला माहीत आहे. तो उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला, उजनीत सापडायचा नाही. पण आपली मरळ बरीचशी त्याच्याच वळणाची. गवतात, पाणवेलीत दबा धरून बसते आणि वरून काही हललं की झडप घालते. म्हणून मरळीच्या नादी लागलेले आम्ही सगळे बासचेच व्हिडिओ बघून शिकलो. काठी सात फुटांच्या आसपास, मीडियम हेवी, टोकाकडं वाकणारी, म्हणजे फास्ट ॲक्शन. स्पिनिंग रीळ ३००० नंबरचं. वर तीस-चाळीस पौंडाची ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी, कारण मासा गवतात घुसला की ओढून काढायला न ताणली जाणारी दोरीच लागते. तंगूस, म्हणजे साधी नायलॉनची दोरी, ताणला जातो, लांबून झटका दिला तर गळ नीट बसत नाही. एवढं सगळं मला समजत होतं. म्हणूनच जास्त चीड येते.

फेब्रुवारीत एक जाहिरात दिसली. एक माणूस काठीनं पाण्यानं भरलेली लाल बादली उचलतोय, काठी कमानीसारखी वाकतेय, मोडत नाही. बादलीचा एक कान तुटलेला. "गोडाऊन बंद करतोय, बास कॉम्बो निम्म्या किमतीत." काठी २,३५०, रीळ २,१५०, दोरीचं बंडल ९००. नावाजलेल्या जपानी कंपनीचं नाव वर छापलेलं. पुढं व्हॉट्सॲप, गोड बोलणं, "दादा, तुमच्यासाठी तीन सेट बाजूला काढून ठेवतो" वगैरे, ते तुम्हाला पाठ असेल, मी सांगत बसत नाही. तीन सेट म्हणजे १६,२०० आणि पैसे आधी भरले तर दहा टक्के सूट. तीन का? कारण मी कारखान्यातल्या दोघांना गळ घातली. शब्दशः. "माझ्यावर विश्वास ठेवा, मी बघून घेतो," असं मीच त्यांना म्हणालो.

आता त्या रात्रीचं सांगतो. तारीख ११, वेळ पावणेदहा. ताटात भाकरी आणि शेंगाचटणी, डाव्या हातात फोन. विकणाऱ्यानं बिल पाठवलं होतं. पत्ता कोलकात्याचा. जीएसटी क्रमांक सुरू होत होता ०७ नं. ०७ म्हणजे दिल्ली. पश्चिम बंगालचा १९, आपला महाराष्ट्राचा २७. मी रोज सुताची बिलं सही करून अकाउंटला पाठवतो, २४ दिसलं की गुजरात हे न बघता सांगतो. शिवाय परराज्यातून माल येतो तेव्हा आयजीएसटी लागतो, आणि या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे, राज्यातल्या राज्यात विकतात तेव्हाचे, दोन रकाने भरलेले होते. हे बिल कारखान्यात आलं असतं तर मी गाडी गेटच्या आत घेतली नसती.

बरं, ते सुटलं असं धरू. पुढं यूपीआयवर पिन टाकायच्या आधी नाव दिसतं ना? दुकानाचं नाव असायला हवं होतं. तिथं कुण्या बाईचं नाव होतं, नुसतं नाव आणि आडनाव. माझा अंगठा थांबला. खरंच थांबला, अर्धा मिनिट तरी. मी फोन लावून विचारलं. तो म्हणाला, "आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत, कंपनीचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय." आणि मला ते पटलं! आमच्या मालकाचंही खातं एकदा असंच अडकलं होतं, म्हणून पटलं. माणूस आपल्याच अनुभवानं फसतो, त्याचं त्यालाही कळत नाही. बायको म्हणाली, "जेवून घ्या आधी, मग काय ते करा." जेवून केलं असतं तर कदाचित केलंच नसतं.

खात्यावर नाव दुकानाचं नसेल तर पैसे टाकू नका. कारण काहीही सांगू द्या.

लोक म्हणतात, लोभ नडला. कसला लोभ? मला फुकट नको होतं. चांगल्या कंपनीचा एक सेट सहा-सात हजाराला पडतो, माझा पगार काय, मुलीची फी काय, सगळं बघून मी परवडणारं शोधत होतो. परवडणारं शोधणं हा गुन्हा असेल तर अर्धं सोलापूर गुन्हेगार आहे. दोन हजाराची काठी आणि दोन हजाराचं रीळ ही काही अशक्य किंमत नव्हे, त्या भावात कामाची वस्तू मिळते. मग संशय यावा तरी कशाचा?

दोरीचा. दोरीचा यायला हवा होता. जाहिरातीत लिहिलं होतं: जाडी ०.१४ मिमी, ताकद ८० पौंड. ८० पौंड म्हणजे ३६ किलो. आमच्या टॉवेलच्या बारीक सुताएवढ्या जाडीवर सिमेंटच्या जवळपास पाऊण पोत्याचं वजन! खरी ८० पौंडाची ब्रेडेड दोरी ०.४० मिमीच्या आसपास असते. जाडी आणि ताकद शेजारी-शेजारी छापलेली होती आणि मी वाचून मान डोलावली. सूत असतं तर पाठवणाऱ्याला फोन करून शिव्या घातल्या असत्या.

पार्सल २३ तारखेला आलं. "विम्याचे" १,१८० मध्येच गेले होते, "पार्सल पोचलं की आपोआप परत". परत काय येतात! काठ्या दिसायला चकचकीत. रंग छान, अक्षरं छान. वजन मात्र हातात घेतल्या घेतल्या जड, आणि झुलवली तर टोकाला वाकायच्या ऐवजी मुठीपर्यंत लवते, ओल्या उसासारखी. मी स्वतःची समजूत घातली की नवीन आहे, सवय होईल.

मार्चच्या पहिल्या रविवारी तिघं पहाटे हिप्परग्याला गेलो. तिसऱ्या की चौथ्या फेकीला मरळीनं बेडूक घेतला. असा धपकन आवाज झाला की छाती भरून आली. मी झटका दिला आणि टच्. मासा गेला, बेडूक गेला, दोरी वाऱ्यावर. शेजारी दहा-बारा वर्षांचं एक पोरगं बांबूच्या काठीला तंगूस बांधून, पिठाची गोळी लावून चिलापी काढत होतं. त्याच्या पिशवीत सात होत्या. त्यानं माझ्या काठीकडं बघून विचारलं, "काका, केवढ्याला घेतली?" मी म्हणालो, "आठशेला."

सोमवारी ते बंडल कारखान्यात नेलं. लडीच्या यंत्राच्या आकड्याला गाठ न मारता सात-आठ वेढे दिले, म्हणजे गाठीत तुटली असं कुणी म्हणायला नको. तीनदा तोडली. साडेपाच किलो, सहा किलो, साडेपाच. ३६ कुठं, सहा कुठं. मग तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकला. चांगली ब्रेडेड दोरी ज्या पॉलिथिलीनच्या तंतूची असते तो पाण्यापेक्षा हलका, तरंगतो. हा तुकडा दाबून ओला केल्यावर सरळ तळाला गेला. साधं पॉलिस्टर. आमच्या कचऱ्याच्या पोत्यात असलं रोज असतं.

वायरमन म्हणाला, काठी पण बघू. खालच्या टोकाचा रंग खरवडून त्यानं मीटर लावला. कार्बनमधून वीज जाते, म्हणून तर खरी कार्बनची काठी विजेच्या तारांखाली उभी धरायची नसते. मीटरचा काटा हलला नाही. "३० टन कार्बन" असं छापलेली ती निव्वळ फायबर ग्लास. फायबर ग्लास वाईट असतं असं नाही, दणकट असतं, पण ते आठशेचंच असतं. पोराला मी खोटं बोललो नव्हतो म्हणायचं.

रिळावर ७.१:१ लिहिलेलं. दांडी एकदा पूर्ण फिरवा आणि वरचा फिरता भाग किती वेढे घेतो ते मोजा, सातच्या वर यायला हवेत. पाचसुद्धा पुरे होत नव्हते. "१३ अधिक १ बेअरिंग" उघडून बघितलं तर तीन बेअरिंग, बाकी प्लॅस्टिकच्या चकत्या. आकड्यांच्या नादी लागू नका. दांडी हलते का, ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा ब्रेक, गुळगुळीत सुटतो का धक्क्यानं, एवढं हातानं बघा. आणि काठीच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवा, तंतू अडकला तर कडं खरबरीत आहे, ते दोरी कापणार.

विकणाऱ्याला फोन केला. कमाल म्हणजे त्यानं उचलला. माफी मागितली, "चुकून दुसरा लॉट गेला, परत पाठवा, उचलायला माणूस येईल, ६४० भरा." आणि मी भरले. याचं काही समर्थन माझ्याकडं नाही. पंधरा हजार वाचवायला सहाशे, असा हिशोब डोक्यात होता. त्यानंतर नंबर बंद.

आता पुढची गंमत. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. पण पैसे जाऊन तीन आठवडे झालेले. त्या फोनचा खरा उपयोग पैसे गेल्या गेल्या पहिल्या काही तासांत, रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते तेव्हा. मी ते तीन आठवडे पार्सलची वाट बघण्यात आणि काठीची सवय करून घेण्यात घालवले. तुम्ही लाजत बसू नका, त्याच रात्री करा.

मग पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी हवालदारानं वाचलं आणि शेजारच्याला मोठ्यानं सांगितलं, "मासे धरायच्या काठीची केस आलीय." चार माणसं हसली. म्हणे, "माल आला ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा." मी म्हणालो, बिल खोटं आहे, जीएसटी क्रमांक खोटा आहे, खातं तिसऱ्याचं आहे. तर म्हणे, चॅटच्या प्रिंट काढून आणा. आणल्या, २२ पानं, ११० रुपये. दुसऱ्या वेळी, तीन प्रती लागतात. तिसऱ्या वेळी साहेब नाहीत. चौथ्या वेळी जयंतीचा बंदोबस्त. पाचव्या वेळी नवीन माणूस, त्यानं पहिल्यापासून विचारलं आणि शेवटी तेच, "तुम्ही शिकले-सवरलेले दिसता, असं कसं केलं?" याचं उत्तर घ्यायला मी पाच अर्ध्या रजा टाकल्या होत्या का?

बँकेत तर एका वाक्यात काम. "पिन तुम्हीच टाकला ना?" हो, मीच टाकला. पण ज्या खात्यात गेले ते खातं कुणीतरी कागद बघून उघडलंच असेल ना? ते कोण तपासणार? "ती दुसरी बँक, सर." खिडकीवरच्या पोरीचा दोष नाही, तिला तेवढंच बोलायला शिकवलंय.

ग्राहक आयोगाचा रस्ता खरा आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखापर्यंत फी नाही. मी आधी कोलकात्याच्या पत्त्यावर नोटीस पाठवली. "या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही" असा शेरा घेऊन पाकीट परत आलं. आता ते आणि २२ पानं एकाच फाइलीत आहेत.

दोघांचे प्रत्येकी ४,८६० मी खिशातून दिले. ते नको म्हणत होते, पण रोज डबा एकत्र खातो, नजरेला नजर द्यायची असते. आता मी ओळखीच्या दुकानातून १,८०० ची काठी, १,६५० चं रीळ आणि २८० चा तंगूस घेतलाय, हातात घेऊन, वाकवून, पक्क्या बिलावर. त्या तीन काठ्यांपैकी दोन शेडमध्ये आहेत. छताला लोंबणारा कापसाचा भुगा पाडायला सात फूट लांबी बरी पडते.

परवा रात्री परत ती जाहिरात दिसली. दुकानाचं नाव नवीन, किंमत आता २,१९९. लाल बादली तीच, एका कानाची. मी तक्रारीचं बटण दाबलं. सकाळी उत्तर आलं: ही जाहिरात आमच्या नियमांचं उल्लंघन करत नाही.